आधी ग्राऊंड

दिंडोरीच्या मामांची द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी बागेत टांगायला पाच छोटी यंत्रं घेतली. तासातून एकदा हवेचं तापमान आणि आर्द्रता टिपून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. आकार साबणाच्या वडीएवढा, आत दोन पेन्सिल सेल आणि एक हिरवा बोर्ड. पुढे ती बनवणारी मंडळी धंद्यातून उठली, आणि बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्यांनी यंत्रांच्या यूएसबीच्या तोंडात मोरचुदाचा थर बसला. त्यातल्या एका यंत्रात ऑक्टोबर छाटणीपासूनच्या नोंदी अडकल्या होत्या. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, नेमकी कोणत्या आठवड्यात बागेत शिरली, ते मामांना पडताळायचं होतं. "तू चिपांचंच काम करतोस ना? मग यातलं काढून दे," असं म्हणून त्यांनी ते यंत्र द्राक्षाच्या रिकाम्या पेटीत घालून माझ्या हातात दिलं.

चिपांचं काम मी करतो हे खरं. पुण्यात बारा वर्षं फर्मवेअर लिहितोय. पण त्यातली बरीच वर्षं बोर्डाला वायर लावायचं काम आमच्या लॅबमधल्या काकांनी केलं. मी संगणकासमोर बसायचो, ते डोळ्याला भिंग लावून बोर्डावर वाकायचे, आणि थोड्या वेळाने "हं साहेब, बघा आता" म्हणायचे. ते निवृत्त झाले त्या महिन्यात मी दोन बोर्ड जाळले. त्यानंतर जे शिकलो ते बहुतेक सगळं मामांच्या यंत्रावर उपयोगी पडलं. जे शिकलो नव्हतो, ते त्या यंत्राने शिकवलं.

या प्रकाराशी ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८५ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचा एक गट जमला. बोर्डावरचे सांधे दिवसेंदिवस बारीक होत चालले होते, ते तपासायला सुई टोचायलाही जागा उरेना, म्हणून चिपच्याच आत तपासणीची सोय करायची असं त्यांनी ठरवलं. त्या गटाच्या नावावरून तिला जेटॅग म्हणतात. १९९० मध्ये आयईईईने तिचं मानक केलं, क्रमांक ११४९.१. तिला चार तारा लागतात. पुढे याच तारांवरून चालत्या प्रोसेसरची तपासणीही होऊ लागली, आणि आर्म कंपनीने हे दुसरं काम दोन तारांत बसवलं: एक घड्याळाची, एसडब्ल्यूक्लॉक, आणि एक माहितीची, एसडब्ल्यूडीआयओ. ही एसडब्ल्यूडी. या दोन तारांवरून चालता प्रोसेसर जागच्या जागी थांबवता येतो, त्याची मेमरी वाचता येते, नवा प्रोग्रॅम आत घालता येतो. कारखान्यात प्रोग्रॅम भरायला हे मागचं दार लागतंच. म्हणून बहुतेक छोट्या यंत्रांच्या बोर्डावर तांब्याचे तीन-चार उघडे ठिपके दिसतात. त्यांना पॅड म्हणतात.

१. ग्राऊंड लावताना पहिली, काढताना शेवटची

काकांचा हा एकच मंत्र होता. दोन तारांची एसडब्ल्यूडी म्हणून मी एकदा दोनच तारा लावल्या होत्या. गंमत म्हणजे पाच-सहा प्रयत्नांत एकदा चिप उत्तरही देत होती, कारण परतीचा प्रवाह कुठून तरी, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वगैरे, वाट काढत होता. मी संध्याकाळभर सॉफ्टवेअरची सेटिंग बदलत बसलो. अजिबात न चालणारं सर्किट परवडलं, पण सहातून एकदा चालणारं सर्किट माणसाला वेडं करतं.

दुसरा प्रसंग महागात पडला. लॅपटॉप चार्जरवर होता, चार्जर दोन पिनांचा. अशा चार्जरच्या आत मुख्य वीज आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यामुळे लॅपटॉपची ग्राऊंड घरच्या २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. प्रवाह अगदी नगण्य. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की ज्या झिणझिण्या येतात, त्या याच. मी डीबगर, म्हणजे लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यामधला दुवा, लॅपटॉपला जोडून ठेवला, त्याची माहितीची तार आधीच बोर्डाला लावलेली होती, आणि तीन पिनांच्या, म्हणजे अर्थिंग असलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याच बोर्डावर दुसरा डाग मारायला गेलो. आयर्नचं टोक टेकलं त्या क्षणी तो तरंगता दाब चिपच्या एका पायातून अर्थिंगला उतरला. ना आवाज, ना धूर. चिप मात्र गेली.

आता नियम असा: सोल्डरिंग चालू असताना यूएसबी काढलेली, जोडताना लॅपटॉप बॅटरीवर, आणि पहिली तार काळी, म्हणजे ग्राऊंडची. मामांच्या यंत्राला हात लावला तेव्हा लॅपटॉपचा चार्जर मी शेजारच्या खोलीत ठेवून आलो होतो.

२. किती व्होल्ट, ते मल्टिमीटरला विचारा

बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, ५ वर की १.८ वर, हे आधी मोजायचं. डीबगरची पातळी त्याच्याशी जुळली नाही तर नशीब चांगलं असेल तर काहीच घडत नाही आणि वाईट असेल तर पाय उडतो. चांगल्या डीबगरला एक जादा तार असते. बोर्डावर किती व्होल्ट आहेत हे ती फक्त बघते, वीज पुरवत नाही. स्वस्तातल्या काडीसारख्या डीबगरवर मात्र ३.३ लिहिलेली पिन वीज बाहेर देते. नाव तेच, काम उलटं. माझ्या काडीला काहीही जोडलेलं नसताना सॉफ्टवेअर 'टार्गेट व्होल्टेज ३.२' असं बिनदिक्कत सांगत होतं. ती स्वतःचीच नाडी मोजत होती.

मामांच्या यंत्रात दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट. सेल आत ठेवून काडीचीही वीज लावली असती, तर काडीने ते सेल चार्ज करायचा प्रयत्न केला असता. साधे अल्कलाइन सेल चार्ज करायला गेलं की ते गळतात. एका बोर्डाला एकच वीज. मी सेल बाहेरच ठेवले.

३. टोपणावरची अक्षरं म्हणजे पुरावा नव्हे

ही काडी मी तापकीर गल्लीतून तीनेकशे रुपयांत आणली होती. ॲल्युमिनियमच्या टोपणावर दहा पिनांचा नकाशा सुबक छापलेला. त्यावर विसंबून मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी टोपण सरकवून काढलं, तर आतल्या बोर्डावर वेगळाच क्रम छापलेला. या काड्या अनेक ठिकाणी बनतात, टोपण एका घाण्यातलं आणि बोर्ड दुसऱ्या, असं सर्रास होतं. तेव्हापासून नवी काडी आणली की आधी टोपण काढतो, मल्टिमीटरने ग्राऊंड आणि ३.३ पडताळतो, आणि मार्करने स्वतःच्या हाताने अक्षरं लिहितो.

४. चिपचे पाय प्रदक्षिणेच्या उलट मोजतात

मामांच्या बोर्डाच्या मागे चार पॅड होते, एकावरही नाव नाही. पुढच्या बाजूला ४८ पायांची चौकोनी चिप, एसटीएम३२एफ१०३सी८. ओळखीची चिप निघाली की अर्धं काम झालं, कारण तिची डेटाशीट मिळते. माहितीची तार ३४ व्या पायावर, घड्याळाची ३७ व्या पायावर, रीसेट ७ व्या. ३५ वा पाय ग्राऊंडचा, तो नेमका या दोघांच्या मध्ये असतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक चिपच्या पायावर, दुसरं एकेका पॅडवर, आणि बीपची वाट बघायची.

सोपं वाटतं. पण कोपऱ्यातल्या खुणेपासून पाय डाव्या बाजूने खाली, मग तळातून उजवीकडे, असे मोजतात. देवळात आपण जसं फिरतो त्याच्या बरोबर उलट. माझा हात सवयीने प्रदक्षिणा घालायला गेला आणि अर्धा तास एकही बीप आली नाही. मग लक्षात आलं.

पॅड सापडले तरी खात्री करायची एक युक्ती आहे. या चिपमध्ये माहितीच्या तारेला आतून वर ओढणारा रेझिस्टर असतो आणि घड्याळाच्या तारेला खाली ओढणारा. यंत्र चालू करून पॅडवर व्होल्टेज मोजलं की पहिला जवळजवळ ३ दाखवतो आणि दुसरा शून्य. मामांच्या बोर्डावर तसंच दिसलं. चौथा पॅड रीसेटचा निघाला. बोर्ड आखणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात धन्यवाद दिले. का, ते पुढे येईलच.

५. वायरला आधी बांधा, मग सोल्डर मारा

याबद्दल जरा लांबण लावतो, कारण माझं सर्वांत जास्त नुकसान इथेच झालं आहे.

पॅड म्हणजे फायबरवर चिकटवलेला तांब्याचा पातळ पापुद्रा. त्याला सोल्डर केलेली वायर हलली की सगळा ताण त्या पापुद्र्यावर येतो. पूर्वी मी नेहमीची जाड, एकेरी तारेची हुकअप वायर वापरायचो. ती कडक असते, वाकवली की स्प्रिंगसारखी उलटते. एकदा फर्मवेअर चालू झालं म्हणून खुशीत चहाचा कप उचलायला हात पुढे केला, वायर कोपराला अडकली, आणि पॅड मुळासकट उपटून वायरच्या टोकाला लटकत आला. सोबत एक सेंटिमीटर ट्रॅकही.

तुटलेला पॅड म्हणजे शेवट नसतो. ब्लेडच्या टोकाने उरलेल्या ट्रॅकवरचा हिरवा थर हलक्या हाताने खरवडायचा, खाली तांबं चमकायला लागलं की फ्लक्स लावायचा, आणि मोटर-वाइंडिंगवाल्याकडे मिळते तसल्या एनॅमलच्या केसासारख्या तारेने तिथेच जोड द्यायचा. मी हे केलेलं आहे आणि ते टिकलेलंही आहे. पण त्या जोडासाठी सकाळचे अकरा ते दुपारचे तीन, इतका वेळ गेला. तेही भिंगाखाली, पंखा बंद करून, मे महिन्यात.

म्हणून आता क्रम बदलला आहे. वायर ३० गेजची, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची. तिच्यात एवढा जोर नसतो की पॅड उपटेल. सोल्डर मारण्याआधीच पॅडपासून बोटभर अंतरावर ती कॅप्टॉनच्या पिवळ्या टेपने बोर्डाला पक्की चिकटवायची. मग टोक सोलून, त्यावर आधी थोडं सोल्डर चढवून, पॅडवर टेकवायचं. पॅडवरही आधी फ्लक्स आणि शिशाच्या सोल्डरचा लहानसा थेंब. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, ६३-३७ चं जुनं शिशाचं १८३ ला. दोन्ही मिसळली की कमी उष्णतेत काम भागतं आणि पॅडखालचा गोंद जळत नाही. आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही. नाहीच जमलं तर उचलायचा, फुंकर न घालता थंड होऊ द्यायचं, आणि पुन्हा फ्लक्स. फ्लक्सची काटकसर करणाऱ्याला सोल्डरिंग येत नाही, हे माझं ठाम मत. शेवटी ग्लू गनचा एक ठिपका टेपवर.

मामांच्या बोर्डावर पॅडांभोवती मोरचुदाची खर होती. ती आधी जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासली. घासल्यावर खालचं तांबं गुलाबी दिसलं, तेव्हा जिवात जीव आला.

६. तार आखूड, घड्याळ सावकाश

वीतभर लांबीच्या रंगीत जंपर वायर दिसायला छान. पण ४ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला त्या लांबीत प्रतिध्वनी ऐकू येतात आणि चिप काहीतरी भलतंच ऐकते. सुरुवात नेहमी १०० किलोहर्ट्झवर. एकदा बोलणं सुरू झालं की वेग वाढवावा. घाई असेल तर घड्याळाच्या तारेला ग्राऊंडच्या तारेचा पीळ द्या, फरक पडतो. आणि जंपर वायर आतून तुटलेली असू शकते. बाहेरून अगदी नवी दिसते. वापरण्याआधी प्रत्येकीची बीप घ्या. मी दहाच्या पाकिटात दोन मुक्या वायर बघितल्या आहेत.

७. टीएक्स त्याच्या आरएक्सला

हे मामांच्या यंत्राशी संबंधित नाही, पण राहवत नाही म्हणून. सीरियल पोर्टच्या पॅडांना वायर लावताना माझी बोलायची तार समोरच्याच्या ऐकायच्या तारेला जाते. दोघांची तोंडं एकमेकांना जोडली तर दोघंही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही; आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं. स्क्रीनवर अक्षरांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली तर तारा बरोबर आहेत, फक्त वेग चुकला आहे. ११५२०० लावून बघा.

८. रीसेटची तार वाचवू नका

दोन तारा आणि ग्राऊंड एवढ्यावर नव्वद टक्के वेळा भागतं. म्हणून रीसेटची तार लावायचा कंटाळा येतो. उरलेल्या दहा टक्क्यांत माझा एक रविवार गेला.

याच एफ१०३ चिपचा नवा प्रकल्प मी संगणकावर तयार करत होतो. प्रकल्प बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीबग' नावाचा एक पर्याय असतो, आणि तो आपण होऊन 'नाही' वर असतो. मी तो बघितलाच नाही. प्रोग्रॅम आत गेला, सुरू झाला, आणि सुरू होताच त्याने पहिलं काम काय केलं, तर डीबगचे दोन्ही पाय बंद करून टाकले. पुढच्या वेळी चिप उत्तर देईना. मला वाटलं बोर्ड गेला. दुसरा घेतला, त्यात तोच प्रोग्रॅम घातला. तोही गेला. तिसराही. एवढं झाल्यावर दोष बोर्डांचा नाही हे माझ्या ध्यानात आलं.

प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच चिपला पकडायचं, हा यावर उपाय. रीसेटचा पाय ग्राऊंडला धरून ठेवला की चिप निश्चल असते, तिचा प्रोग्रॅम धावत नाही, पण डीबगचं दार उघडं असतं. डीबगरला रीसेटची तार असेल तर तो हे स्वतःच करतो, सेटिंगमध्ये 'कनेक्ट अंडर रीसेट' निवडायचं. माझ्याकडे तार नव्हती, बटण होतं. मग बायकोला बोलावलं. तिने चिमट्याने बटण दाबून धरायचं, मी एंटर मारायचा आणि त्याच क्षणी ओरडायचं, "सोड!" अकराव्या प्रयत्नात जमलं. ती म्हणाली, "हे तुला कंपनी पगार देऊन करायला लावते?" त्यानंतर मी रीसेटची तार न लावता एकही बोर्ड जोडलेला नाही.

९. चिपचे पहिले शब्द

सगळं बरोबर असेल तर चिप आधी स्वतःची ओळख सांगते, आठ अंकी आकड्यात. एफ१०३ च्या अस्सल चिपकडून १बीए०१४७७ येतो. त्याच जागी २बीए०१४७७ आला तर समजावं की दुकानदाराने नक्कल चिप गळ्यात मारली आहे. सॉफ्टवेअर अनेकदा अशा चिपशी बोलायलाच नकार देतं. मी ज्या सॉफ्टवेअरने जोडतो ते ओपनओसीडी जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या एका विद्यार्थ्याने, डॉमिनिक राथने, २००५ मध्ये पदविकेच्या प्रबंधासाठी लिहिलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ते फुकट चालतं.

रात्री साडेबाराला मामांच्या यंत्राने पडद्यावर आकडा उमटवला: १बीए०१४७७. अस्सल. मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. घरात सगळे झोपलेले.

१०. थकलेल्या माणसाने 'अनलॉक' लिहू नये

ओळख पटली तरी आतली मेमरी वाचायला गेलो तर चिपने नकार दिला. यंत्र बनवणाऱ्यांनी वाचनाचं कुलूप लावलं होतं. त्यांचा तो हक्कच. यंत्र मामांचं असलं तरी आतला प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा. असली कुलपं तोडायच्या युक्त्या जगात आहेत, मी त्या वाटेला गेलो नाही. पण एक अधिकृत आज्ञा आहे, कुलूप काढायची. मला तिचा अर्थ ठाऊक होता. शंभर वेळा वाचलेला होता. कुलूप निघतं, पण निघताना चिप स्वतःची सगळी मेमरी पुसून टाकते. गुपित बाहेर जाण्यापेक्षा नष्ट झालेलं बरं, अशी ती रचना आहे.

दीड वाजला होता. डोळे चुरचुरत होते. मी आज्ञा लिहिली आणि एंटर दाबला, आणि बोट उचलायच्या आत मला आठवलं.

६४ किलोबाइट मेमरी पुसायला चिपला डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळही लागत नाही. नंतर वाचलं तेव्हा कुलूप नव्हतं, नकार नव्हता. सगळीकडे फक्त एफएफ, एफएफ, एफएफ. कोऱ्या मेमरीत तेच दिसतं.

यातून घेतलेला धडा अगदी व्यावहारिक आहे. डीबगर जोडलेल्या संगणकावर लिहिण्याच्या आणि पुसण्याच्या आज्ञा मी आता वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. ती चालवायची तर तिचं पूर्ण नाव हाताने लिहावं लागतं. आणि बारानंतर ती चालवायचीच नाही.

११. दार ठोठावण्याआधी घर बघा

सकाळी मामांना फोन करायचा होता. फोन हातात घेऊन मी बोर्ड उजेडात धरला, सहज, काय सांगावं ते सुचत नव्हतं म्हणून. मोठ्या चिपशेजारी आठ पायांची एक छोटी चिप होती. रात्री तीही दिसली होतीच, पण माझं सगळं लक्ष त्या चार पॅडांवर. भिंगाखाली अक्षरं वाचली: २४सी२५६. ३२ किलोबाइटची ईईप्रॉम, दोन तारांच्या आयटूसीवर बोलणारी, आणि वीज गेली तरी विसरत नाही. मोठ्या चिपचं कुलूप काढताना पुसली जाते ती तिची स्वतःची मेमरी. शेजारणीला धक्काही लागत नाही.

आता प्रश्न असा की त्या दोन तारांवर मोठी चिपही बसलेली असते. कोरी झालेली असली तरी ती काय करेल याचा भरवसा नाही. तिला गप्प बसवायला पुन्हा रीसेटच उपयोगी आला. रीसेटची तार ग्राऊंडला जोडून टाकली की मोठी चिप आपले सगळे पाय मोकळे सोडते. मग रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डाचा ३.३ व्होल्ट मामांच्या बोर्डाला दिला, पिकोच्या दोन पायांवरून तारा छोट्या चिपला नेल्या, आणि पत्ता ५० हेक्सवर पहिला बाइट मागितला. आला. मग सगळे ३२,७६८ मागितले.

हातात आला तो नुसता आकड्यांचा ढीग. पण दर आठ बाइटनंतर पहिल्या चार बाइटांचा आकडा बरोबर ३६०० ने वाढत होता. तासात सेकंद तेवढेच असतात! पुढचे दोन बाइट तापमानाचे, शंभराने गुणलेले, आणि शेवटचे दोन आर्द्रतेचे. आठ बाइटची एक नोंद म्हणजे एकूण ४०९६ नोंदी, म्हणजे १७० दिवस. त्यानंतर यंत्र पहिल्या नोंदीपासून पुन्हा वर लिहायला लागतं. माल निघाल्यावर मामांनी मार्चअखेर सेल काढून ठेवले होते, म्हणून ऑक्टोबर छाटणी ते तोडणी एवढा सगळा काळ आत शाबूत राहिला. चार आठवडे उशीर झाला असता तर छाटणीनंतरचे दिवस गेले असते.

मामांना आलेख दाखवला. नोव्हेंबरात एका आठवड्यात ओळीने चार पहाटा आर्द्रता ९५ च्या वर होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फवारणी आठ दिवस उशिरा घेतली आपण." बोर्ड पुसल्याचं मी त्यांना तेव्हाच सांगितलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

पुसलेल्या यंत्रात आता मी लिहिलेला प्रोग्रॅम आहे आणि ते बागेच्या दुसऱ्या ओळीत टांगलेलं आहे. उरलेली चार पेटीत आहेत, त्यांना मी अनलॉक केलेलं नाही. आणि तुम्ही बोर्ड आखत असाल तर एवढं करा: पॅडांशेजारी ग्राऊंड, ३.३, माहिती, घड्याळ आणि रीसेट अशी पाच नावं छापा. पांढरी शाई बोर्डावर चढणारच असते. कधीतरी कोणीतरी रात्री साडेबाराला तुमचा बोर्ड भिंगाखाली धरून बसलेला असेल.